दंडावरची देवी

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज साखळ्यांचा असायचा. पुढे तीन खोल्या, मागे पत्र्याचा गोठा, आणि मधलं दार असं की ते लावलेलं मी कधी पाहिलं नाही. म्हशी उठून उभ्या राहिल्या की साखळ्या खुळखुळत, मग माझा थोरला भाऊ बसूदादा खाकरत बाहेर जाई, आणि थोड्या वेळाने चरवीच्या बुडाला पहिली धार आपटे. चरवी भरत गेली की आवाज जाड होत जाई. अंथरुणात पडल्यापडल्या मला नुसत्या आवाजावरून कळायचं, आज कोणत्या म्हशीनं मन लावून पान्हा सोडलाय आणि कोण रुसून बसलीय. भिजवलेल्या सरकी पेंडीचा, बिद्रीकडून येणाऱ्या उसाच्या हिरव्या वाड्याचा आणि शेणाचा वास अंगाला चिकटलेला असे. त्या वासामुळे कॉलेजात मी कोपरा धरून बसत असेन, असं कुणाला वाटेल. मी पहिल्या बाकावर बसत होते. ज्याला वास सोसत नव्हता त्यानं मागं जाऊन बसावं, असं माझं म्हणणं होतं.

आम्ही लिंगायत गवळी. वडिलांना अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अव्वा निपाणीकडची. ती माणसांशी मराठीत बोलायची आणि म्हशींशी कानडीत, आणि आमच्यापेक्षा म्हशीच तिचं जास्त ऐकायच्या. अप्पांच्या उजव्या हाताची बोटं कडबाकुट्टीनं अर्धी नेली होती, त्यामुळे धार काढण्याचं काम बसूदादाकडे आलं होतं. सकाळची धार घरी. संध्याकाळी मात्र म्हशी घेऊन पेठेतल्या कट्ट्यावर जायचं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की त्याला खोटं वाटतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर पेला धरून उभी गिऱ्हाइकं, आणि सडातून थेट पेल्यात पडणारं फेसाळ, कोमट दूध. आपल्या डोळ्यांदेखत काढलेलं दूधच खरं, असं कोल्हापूरच्या माणसाचं पक्कं मत. गाईचं दूध आमच्याकडे तान्ह्या पोराला नाहीतर आजाऱ्याला. कच्चं दूध पिऊ नये हे मी आज वर्गात शिकवते, आणि शिकवताना त्या फेसाची चव माझ्या जिभेवर येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याला मी काय करणार?

कट्ट्यावर बाईमाणसानं बसायचं नाही, असा आमच्यात दंडक होता. दही लावणं, लोणी काढणं, शेणी थापणं हे बायकांचं. कट्टा गड्यांचा. अव्वा माहेरी लहानपणापासून धारा काढायची, तिचा हात बसूदादापेक्षा हलका होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण लग्न होऊन आल्यापासून तिनं कधी कट्ट्याची पायरी चढली नव्हती. तिनं तशी इच्छाही कधी बोलून दाखवली नव्हती. मला वाटतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मगदूम मॅडम आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. कोणताही नवा शब्द आला की आधी त्याचं माहेर सांगायचं आणि मग त्याचं काम, अशी त्यांची रीत. व्हायरस म्हणजे लॅटिनमध्ये विष, आपल्याच ‘विष’ शब्दाचा लांबचा चुलतभाऊ. बॅसिलस म्हणजे बारकी काठी. एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘व्हॅक्सिन’ लिहिलं आणि विचारलं, “यात एक जनावर बसलंय. कोणतं?” “गाय,” त्यांनीच सांगितलं. लॅटिनमध्ये गाईला वाक्का म्हणतात. दोनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या डॉक्टरनं गवळणींचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. गाईच्या सडावरचे फोड ज्याच्या हाताला एकदा येऊन गेले, त्याला देवीचा रोग होत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यानं एका गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी घेऊन एका पोराला टोचलं, आणि पोराला पुढे देवी झाल्या नाहीत. गाईच्या त्या रोगाला त्यानं लॅटिन नाव दिलं, ‘गाईच्या देवी’, त्यातलं गाईचं म्हणून जे विशेषण होतं त्याचंच पुढे व्हॅक्सिन झालं. नंतर फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञानं कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या रोगांवर टोचायच्या वस्तू काढल्या. त्यांचा गाईशी काही संबंध नव्हता. तरी त्या खेड्यातल्या डॉक्टरच्या मानासाठी त्यानं गाईचंच नाव चालू ठेवायला सांगितलं. तिथून ते नाव देशोदेशी गेलं, ज्याला त्याला जमेल तशा उच्चारानं. “मराठीनं मात्र गाय घेतली नाही,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याकडे फोडातून पाझरतं त्या पाण्याला आधीपासून लस म्हणत होते, तेच नाव आपण औषधाला दिलं. आणि टोचून घेण्याला काय म्हणायचे? देवी काढणं. ज्याला जे दिसलं, त्यानं ते नाव ठेवलं.”

“म्हणजे मॅडम, ह्यो शोध आमा गवळ्यांचाच की,” मी पहिल्या बाकावरून म्हणाले. वर्ग हसला, मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, “अर्धा तरी तुमचा आहेच.” मी तो अर्धा शोध घरी घेऊन गेले आणि जेवताना सगळ्यांना सांगितला. अप्पांना तो मुळीच पटला नाही. “गाय?” ते म्हणाले. “त्या इंग्रजानं म्हस बगितली नसंल.”

त्याच हिवाळ्यात अप्पांनी चिकोडीच्या बाजारातून एक नवी म्हैस आणली. उंच, काळीकुळकुळीत, डोळ्यांत माज. नाव ठेवायच्या आधीच तिला सगळे चिकोडी म्हणायला लागले. तिला मराठी कळत नव्हती. अव्वानं “निल्ल, निल्ल” म्हणून पाठीवर हात ठेवला की उभी राहायची, बसूदादानं शिव्या दिल्या की लाथ झाडायची. थोड्याच दिवसांत तिच्या सडांवर लालसर फोड उठले, मग त्यांत पाणी धरलं, मग खपल्या. त्यापाठोपाठ बसूदादाच्या अंगठ्यावर आणि बोटांवर तसेच फोड आले, मध्ये खळगा पडलेले. काखेत गाठ आली आणि ताप भरला. अप्पांनी त्याचा हात उजेडात धरून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. “देवी आल्यात,” ते म्हणाले.

आमच्यात जनावराला देवी आल्या की एक रिवाज होता. देवीनं ज्याचा हात धरला, तो हात त्या घरापुरता तिचाच. त्या हातानं दावणीच्या सगळ्या म्हशींच्या कासेला हळदीचं पाणी लावायचं, म्हणजे देवी सगळ्यांची ओळख धरते आणि कुणावर कोपत नाही. मी कॉलेजातून आले तेव्हा हे होऊन गेलं होतं. बसूदादा तापानं लाल झालेला, हळदीनं पिवळा झालेला हात मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता, आणि गोठ्यात एकेका म्हशीच्या कासेवर पिवळी बोटं उमटली होती. मला तो हात दिसत होता आणि त्याच्यामागे फळ्यावरचा तो शब्द दिसत होता. थोड्या दिवसांनी रांगेत चिकोडीच्या जवळ बांधलेल्या म्हशींना फोड आले. पलीकडच्या टोकाच्या राणी, नगीना आणि म्हातारी तारा यांच्या सडांवर अजून काही नव्हतं. हळदीत त्यांची पाळी शेवटी आली होती, तोवर बहुतेक पाण्यातच हात धुऊन निघाला असावा. हे माझं आजचं अनुमान.

घरात देवी असली की फोडणी बंद. तडतड ऐकली की देवीच्या अंगाची आग होते म्हणतात. त्या दिवसांत आम्ही कोरडी भाकरी, दही, मीठ घातलेली आंबील आणि उकडलेल्या शेंगा खात होतो. दाराला कडुलिंबाचा डहाळा. डॉक्टर नाही, जनावरांचा नाही आणि माणसांचाही नाही. दूध विकायचं नाही. घरातलं बोलणंही फोडणीसारखंच बंद झालं होतं. बसूदादा हाताला फडकं गुंडाळून, दात आवळून कशाबशा धारा काढी आणि दूध उकिरड्यात जाई. कट्ट्यावरची आमची जागा रिकामी होती, आणि रिकामी जागा गिऱ्हाईक फार दिवस राखत नाही. पुरतं न पिळलेलं दूध कासेतच राहून म्हशी आटायला लागल्या होत्या. एका सकाळी अप्पांनी सांगून टाकलं, उरलेल्या तिघींनाही फोड आले तर दावण मोडायची, म्हशी व्यापाऱ्याला द्यायच्या, आणि बसूनं कागलच्या एमआयडीसीत कुठं चिकटायचं. बसूदादा उठून म्हशींना वैरण टाकायला गेला. त्याला म्हशींशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. गोठा रिकामा झालेला मला डोळ्यांपुढे दिसला आणि रडू आलं. मग रडणं आवरून मी मगदूम मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “माणसातल्या देवी जगातून गेल्या,” त्या म्हणाल्या. “हा त्यांच्याच गोतातला जनावरांचा रोग दिसतो. औषध डॉक्टर देतील, त्यांना बोलवा. पण तोवर एक बघ. हा रोग हातावरून फिरतो. आजारी म्हशीला एक हात, चांगल्या म्हशीला दुसरा. आणि तो दुसरा हात अशा माणसाचा हवा, ज्याच्या दंडावर देवी काढल्याची जुनी खूण आहे. त्याला बहुतेक होणार नाही, झालं तरी थोडक्यात जाईल.” मी माझी बाही वर करून पाहिली. दंड कोरा. माझ्या जन्माच्या सुमारास देवी काढणं बंद झालं होतं. बसूदादा थोडा मोठा, पण तोही त्यातून निसटलेला. घरात खूण दोघांच्याच दंडावर होती. अप्पांच्या, ज्यांना पुरती बोटं नव्हती. आणि अव्वाच्या.

घरी येऊन मी ते सगळं सांगितलं. ऊन उतरत आलं होतं आणि गोठ्यात राणी हंबरत होती. “ही ती देवी न्हवं अप्पा,” मी म्हणाले. “ही हातावरनं फिरती. दादाचा हात आता चांगल्या म्हशींना लावायचा न्हाई.”

“मग तुज्या मॅडमला बोलीव धार काढाय,” अप्पा म्हणाले. “दोन बोटांनी काढतो का मी?”

“तुमी नगा. अव्वा काढंल.”

अव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. “कुनाला हुत न्हाई म्हनली मॅडम?” तिनं विचारलं.

“ज्याच्या दंडावर देवीची खूण हाय त्याला.”

तिनं पिठाच्या हातानं चोळीची बाही वर सरकवली. दंडावर दोन गोल वण होते, एकाशेजारी एक, कडेला बारीक रेघा असलेले. तिनं ते असे पाहिले, जणू बऱ्याच दिवसांनी आठवण झाली होती.

“घरात काढ,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “कट्ट्यावर न्हाई. तू कट्ट्यावर बसल्यावर लोक काय म्हनतील?”

“लोक दूध मागत्यात,” अव्वा म्हणाली. “दुसरं काय म्हनत्यात?”

“आनी देवी?”

“देवीला मी सकाळी मरगाईच्या देवळात सांगून आलो. दहीभात ठेवला आनी म्हनलं, तुजं तू बग, माज्या म्हशी मी बगतो.”

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, की आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘आलो, गेलो, बगतो’ असंच बोलतात. पण त्या संध्याकाळी ते ‘बगतो’ ऐकताना मला पहिल्यांदा त्यातला जोर कळला. तिनं भाकरी उतरवली, साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि राणी, नगीना, तारा तिघींच्या साखळ्या सोडल्या. मी गरम पाण्यानं धुतलेली चरवी घेतली. अप्पा पायरीवर बसून राहिले.

कट्ट्यावर आम्ही पोचलो तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. धारांचे आवाज तेवढे चालू होते. आमच्या जागेसमोर जुनी गिऱ्हाइकं आली, पण पेले खाली धरून. त्यांत तात्या होते, तरुणपणी तालमीत घुमलेले, आता भाजीची गाडी लावणारे, अंगानं आडवे आणि आवाजानं मोठे. “वैनी, तुमी?” तात्या म्हणाले. “बसू कुठं हाय? घरात देवी आल्यात म्हनं.”

“चार म्हशींना फोड हाईत. त्या घरात बांधल्यात, त्यांचं दूध उकिरड्यात जातंय,” अव्वा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण कट्ट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. “बसूच्या हाताला हाईत, म्हनून बसू आला न्हाई. ह्या तिघी चांगल्या हाईत. बगून घ्या.” तिनं राणीची कास हातानं उचलून दाखवली. सड स्वच्छ होते.

“आनी तुमच्या हाताला?”

अव्वानं चोळीची बाही वर केली, भर रस्त्यात, सगळ्या गड्यांसमोर. “हितं लहानपनीच येऊन गेलीया,” ती म्हणाली. “परत येत न्हाई.”

तात्या वाकून पाहत राहिले. मग त्यांनी पेला काखेत धरला आणि सदऱ्याची बाही दंडावर चढवली. त्यांच्या भल्याथोरल्या दंडावरही तसेच दोन वण होते, पण पसरलेले. “हे बगा की. माजीबी हाय,” ते म्हणाले. “काढताना आमच्या शाळंतली सगळी पोरं खिडकीतनं पळून गेलती. मला तेवढं धरलं.” शेजारच्या निवृत्त मास्तरांनी आपली बाही वर केली. शिंप्याच्या दुकानातून एकजण उठून आला आणि त्यानंही दाखवली. पलीकडच्या दावणीचे म्हातारे गवळीही धार सोडून आले. थोड्या वेळात कट्ट्यावर पंचविशीपुढचे सगळे गडी बाह्या वर करून एकमेकांच्या देवी तपासत होते, कुणाची मोठी, कुणाची खोल, कुणाला काढताना किती दुखलं. तरुण पोरं आपले कोरे दंड घेऊन बाजूला उभी होती. आयुष्यात इतकी हसले नसेन मी. अव्वा तोवर खाली बसली होती, तारानं पान्हा सोडला होता, आणि चरवीतून तो ओळखीचा टणक आवाज आला. तात्यांनी पेला पुढे केला. “फेस जास्त घाला, वैनी,” ते म्हणाले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. जनावरांचे डॉक्टर आले, जांभळं औषध आलं. आजारी म्हशींच्या धारा बसूदादाच काढायचा, कारण त्याच्या हाताला आता नवीन काही होणार नव्हतं. दुखायचं मात्र भयंकर. तो तोंडात उपरण्याचा बोळा धरून बसे, आणि चिकोडीला लाथ मारू नकोस म्हणून अव्वाकडून शिकलेली मोडकीतोडकी कानडी बोले. दोन्हींकडच्या चरव्या वेगळ्या, पाणी वेगळं, रेडकं वेगळी, आणि साबणाची वडी संपली की घर डोक्यावर घेणारी मी. अव्वाच्या करंगळीवर एकच बारीक फोड आला आणि वाळून गेला. राणी, नगीना आणि तारा तिघी बचावल्या. चिकोडीच्या खपल्या पडल्या. मग एके दुपारी मी कॉलेजातून आले तर गल्लीच्या तोंडालाच लसणीच्या फोडणीचा वास आला. मी पळत घरात गेले. अव्वा मेथी परतत होती आणि चुलीवर हुग्गी रटरटत होती, गव्हाची, गूळ घातलेली. त्या दिवशी मी किती जेवले हे अजून बसूदादा सगळ्यांना सांगतो.

जेवल्यावर अप्पांनी मला बोलावलं. “त्या शब्दाचं पुन्हा सांग,” ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, वाक्का, खेड्यातला डॉक्टर, गवळण, गाईच्या नावाचा मान. त्यांनी यावेळी मध्ये तोंड घातलं नाही. “म्हंजे तवा त्या गवळनीच्या हाताकडं त्या डाक्टरनं बगितलं,” ते म्हणाले. “नाव तेवढं गाईला दिलं.” मी म्हणाले, व्हय. त्यांनी मान हलवली.

बसूदादाचे हात बरे झाले. अंगठ्यावर फिकट खळगे राहिले. त्यानंतर पहिल्यांदा संध्याकाळी तो म्हशी घेऊन कट्ट्याकडे निघाला, तेव्हा अप्पा बसायचा पाट काखेत मारून दारात उभे होते. “तू म्हशी धर,” ते त्याला म्हणाले. मग घरात तोंड करून म्हणाले, “चल की गं. लोक खोळंबल्यात.” तेव्हापासून ते गेले तोवर रोज संध्याकाळी तो पाट त्यांनीच नेला, आणि कट्ट्यावर तिच्यासाठी पुसून ठेवला.

अलीकडच्या त्या मोठ्या साथीत लस आली तेव्हा अव्वाला मी दवाखान्यात घेऊन गेले. नर्स तरुण होती. अव्वानं बाही वर केली तशी ती थांबली. “मावशी, हे कसलं?” तिनं विचारलं.

“देवी हाय ती,” अव्वा म्हणाली. “तिच्यावर नगो, शेजारी टोच. तिनं माजा गोठा राखलाय.”

नर्सनं शेजारी टोचलं, कापूस दाबला आणि अर्धा तास बाकावर बसायला सांगितलं. अव्वानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

“बसतो की,” ती म्हणाली. “पन सहाच्या आत सोड बाई. कट्ट्यावर चिकोडीची पणती माज्याशिवाय पान्हा सोडत न्हाई.”